बायकांच्या बाजूचं पाणी

सासरी येऊन मला तीन वर्षं झाली होती आणि त्या तीन वर्षांत मी एकदाही अंग टाकून पाण्यात शिरले नव्हते. माझं माहेर कळमनुरीकडं, कयाधूच्या काठावर. तिथल्या डोहात आम्ही बहिणी पाठीला सुका भोपळा बांधून पोहायला शिकलो. एकदा हातपाय चालायला लागल्यावर भोपळा काठावर ठेवून पार पलीकडच्या खडकापर्यंत जाऊन यायचो. सासर पुसेगावच्या बाजूला, नदीपासून लांब. गावात पाण्याची मोठी जागा म्हणजे पायऱ्यांची बारव. तिच्यात पुरुष वरून उड्या घ्यायचे आणि उन्हाळ्यात दुपारभर पोहायचे. बायकांनी पायऱ्या उतरायच्या, गुडघाभर पाण्यात उभं राहून घागर भरायची आणि माघारी यायचं. पाण्यात उभी असले की माझे तळपाय आपोआप उचलायला बघत. मी त्यांना दटावून खाली ठेवत असे.

माझ्या अंगात एक खोड लहानपणापासून आहे. कुठं काही चाललं असलं की ते बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. कल्हईवाला आला तर त्याची कल्हई संपेपर्यंत मी हलायची नाही. चाकाला तापवलेली लोखंडी धाव बसवत असले तर ती थंड होईस्तोवर मी तिथंच. माहेरी हे चालून गेलं. सासरी सुनेनं असं नाक खुपसत हिंडलेलं कोण खपवून घेणार? पण आमच्या घराला माळवद होतं, म्हणजे मातीचं सपाट छत, आणि मिरच्या-डाळी वाळत घालायच्या निमित्तानं मला तिथं जाता येई. मी इतक्या वेळा डाळ उलथायला वर जायची की तशी खडखडीत वाळलेली डाळ गावात दुसरीकडं नसेल.

घरात सत्ता आत्याबाईंची. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. बाई बोलायच्या कमी आणि बघायच्या जास्त. त्यांचा उजवा पाय गुडघ्यात कायमचा वाकलेला होता. मी यायच्या कितीतरी आधी त्यांना नारू झाला होता. आताच्या लेकरांना नारू सांगूनही कळत नाही. तो दोऱ्यासारखा एक किडा. पाण्यातून पोटात जातो आणि वर्षभरानं पायातून बाहेर निघतो. मग काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढून काढावा लागतो. आत्याबाईंचा मध्येच तुटला, पाय पिकला, आणि बरा झाला तेव्हा वाकडाच राहिला. तेव्हापासून त्या भिंत धरून चालत. बारवेवर जाणं सुटलं. परसात दगडावर बसून तांब्यानं अंघोळ करत. पायाबद्दल त्या कुणाजवळ बोलत नसत आणि दुसऱ्यानं काढलेला विषय त्यांना खपत नसे.

लढाई चालू होती ते दिवस. आमच्याकडं निजामाचा अमल. त्या साली गावात घरटी एकाला तरी नारू होता, म्हणून तालुक्याहून एक डॉक्टर आला. त्यानं बारवेचं पाणी काचेच्या पेल्यात घेतलं, पेला उन्हात धरला आणि चावडीपुढं जमलेल्या एकेकाला बघायला लावलं. पाण्यात बारीक बारीक कण उड्या मारत होते म्हणे. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मला त्यांचा भारी हेवा वाटला. डॉक्टरचं म्हणणं असं, की नारूवाला माणूस पाण्यात पाय घालतो, नारू तिथं आपली पिल्लं सोडतो, ती त्या कणांच्या पोटात जातात, आणि ते पाणी जो पिईल त्याला पुढच्या साली नारू. तेव्हा पिण्याच्या पाण्यात कुणीही पाय घालायचा नाही. बारवेच्या पायऱ्या बुजवा, वरून रहाट लावा आणि पाणी फडक्यानं गाळून प्या.

गाळून प्यायला कुणाची ना नव्हती. पायऱ्या बुजवायच्या म्हटल्यावर मात्र गावातले कर्ते पुरुष अडून बसले. नारू जाईल ते बरंच, पण पोहायचं कुठं? आठ दिवस चावडीवर याचा काथ्याकूट चालला. शेवटी कुणाला तरी महादेवाच्या देवळामागचं जुनं कुंड आठवलं. ते आजेसासऱ्यांच्या काळातच गाळानं बुजलं होतं आणि आत बाभळी नि रुई माजली होती. ते उपसायचं, पायऱ्या नीट करायच्या आणि पोहणं-अंघोळ तिथं न्यायची असं ठरलं. मधे भिंत घालून दोन बाजू करायच्या. पुरुषांची बाजू दोन परस खोल, परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. बायकांच्या बाजूला तळाशी मुरमाचा भराव घालून वर फरशी बसवायची, म्हणजे पाणी कमरेइतकंच राहील आणि कुणी बुडणार नाही. बायकांना यातलं काही विचारलं गेलं नाही, हे सांगायला नकोच.

कमरेइतकं हे ऐकून मला रडूच आलं. एवढं मोठं कुंड होणार आणि त्यात आम्ही न्हाणीघरातल्यासारखं बसायचं. पण बघायला तर मिळणार होतं. आमचं माळवद देवळाच्या अगदी अंगाला, तिथून कुंडाचे चारही कोपरे दिसत. संक्रांत झाली आणि काम सुरू झालं.

पहिल्याच दिवशी मी दुपारी खाली आले तर आत्याबाई सुपात डाळ पाखडत बसलेल्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "आज कुठवर आलं?"

मी चपापले. वाटलं, आता माळवदावर रेंगाळल्याबद्दल बोलणी बसणार. मी चाचरत सांगितलं की बाभळी तोडून झाल्या, उद्या गाळाला हात घालतील. त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग तो आमचा नेमच झाला. मी वर जायची, बघायची, खाली येऊन सांगायची. त्यांना जिना चढता येत नव्हता, आणि चढता येत नाही असं त्या म्हणणाऱ्यांतल्या नव्हत्या. मला फुकटात परवाना मिळाला. डाळ वाळली की नाही हे विचारणं त्यांनी सोडून दिलं.

गाळ उपसायला वडार होते, आणि टोपल्या वाहायला तांड्यावरच्या बाया येत. त्यांच्या घागऱ्यांवरच्या आरशांचे कवडसे आमच्या भिंतीवर नाचत. गाळ गाड्यांत भरून शेतांत जाई. चौथ्या दिवशी पहिली पायरी उघडी पडली आणि मला तर ती मीच खणून काढल्याचा आनंद झाला. मग रोज एक, कधी दोन. उद्या किती निघतील याची मी मनाशी पैज लावत असे आणि बहुतेक हरत असे. गाळातून काय काय निघे. जीभ तुटलेली पितळी घंटा निघाली, घुंगरू निघाले, एक दगडी कासव निघालं. बांगड्यांचे तुकडे तर ओंजळीनं निघाले, पण सगळे एकाच कोपऱ्यात. हे मला फार नवलाचं वाटलं आणि मी ते आत्याबाईंना सांगितलं.

"किती खाली घावल्या?" त्यांनी विचारलं.

"पार तळाला."

त्यांचं सूप थांबलं. "म्हंजी पयल्या बाया तळापोत्तर जात व्हत्या," त्या म्हणाल्या आणि पुन्हा पाखडायला लागल्या. मी याच्यावर दोन दिवस विचार करत होते. कुणी वरून फेकल्या असतील, फुटून पडल्या असतील, हजार कारणं असतील. पण त्या म्हणाल्या तेच मला खरं वाटायला आवडत होतं.

आत्याबाईंचे प्रश्न मला उलगडत नसत. पायरी किती रुंद आहे? पावलाएवढी, का बसता येईल एवढी? ऊन कुठल्या बाजूला आधी येतं? हाताला धरायला काही आहे का? असल्या बारीकसारीक गोष्टी त्या का विचारतात हे त्यांना विचारायची माझी छाती नव्हती. एकदा त्यांनी मामंजींकरवी गवंड्याला निरोप धाडला, की बायकांच्या बाजूला मोरीखालची तिसरी पायरी बाजेएवढी रुंद कर. मोरी म्हणजे कुंड भरलं की जिथून पाणी बाहेर पडतं ती दगडी नाळ. पाणी तिच्याहून वर चढत नाही. कारण असं सांगितलं, की उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की बायांना धुणं घेऊन बसायला बरं. लढाईमुळं लोखंड मिळत नव्हतं, तर आमच्या गोठ्यातली वळूची जुनी साखळी त्यांनी काढून दिली आणि त्या रुंद पायरीच्या कडेनं आडवी ताणून दोन्हीकडच्या भिंतींत बसवून घेतली. सगळी आळी म्हणाली, पाय गेला तरी बाईचं दुसऱ्यांकडं किती लक्ष आहे.

दुसरी एक गोष्ट मला उलगडली नव्हती. परसातल्या मांडवावर दोन मोठे भोपळे होते. भाजीचे दिवस गेले, वेल वाळला, तरी त्या ते कुणाला तोडू देत नव्हत्या. बी धरायचं आहे म्हणत. शेवटी वाळून लाकडासारखे झाल्यावर त्यांनी ते माळवदावर ठेवायला लावले आणि रोज उन्हात फिरवायचं काम माझ्याकडं दिलं. बियांसाठी एवढा सोस कशाला, असं म्हणत मी ते फिरवत राहिले.

गाळ संपला आणि तळाचा झरा उसळला. तो चिखल आणि गोणपाट कोंबून तात्पुरता बंद केला, तरी झिरपायचंच, म्हणून मोट लावून पाणी उपसत होते. सिमेंट नावालाही नव्हतं. चुना मळायला घाणी मांडली. गोल चरात दगडी चाक, त्याला बैल जुंपलेला, आणि तो दिवसभर फिरतोय. गवंड्यानं घरोघरून बेलफळं आणि गूळ मागवला, चुना चिवट व्हावा म्हणून. आठवडाभर गावात लग्नघरासारखा गोड वास होता आणि माळवदावर माशांमुळं उभं राहवत नव्हतं. मी राहिले.

मग आला मापाचा प्रश्न. पुरुषांच्या बाजूचं सोपं होतं, गवंडी स्वतःच हात वर करून उभा राहिला. पण बायकांच्या कमरेइतकं म्हणजे किती? परक्या पुरुषानं बाईचं माप घ्यायचं नाही. आमच्याकडं अशा वेळी घरून दोरी जाते. चपला शिवायच्या असल्या तरी बाई चांभाराकडं जात नसे, पावलाच्या मापाची दोरी जाई. तसं गवंड्यानं मामंजींना सांगितलं, घरातून दोरी पाठवा, मोरीपासून खाली तेवढं माप धरतो.

आत्याबाईंनी कारण न सांगता ठरवलं, माप माझंच घ्यायचं. मी नवी सुतळी घेऊन भिंतीला पाठ लावून उभी राहिले. मी दोरी कमरेपाशी तोडायला निघाले तर त्यांनी हात धरला. जित्या माणसाचं अर्धं माप घेऊ नये, टाचेपासून डोक्यापर्यंत पुरी दोरी घे आणि कमरेशी गाठ मार, असं त्यांनी सांगितलं. हा रिवाज मी आधी ऐकला नव्हता, पण दर गावाचे रिवाज वेगळे. मी गाठ मारली, दोरीच्या टोकाला हळद लावली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती खणात गुंडाळून मामंजींना दिली आणि मामंजींनी न उलगडता गवंड्याला.

पंधरा-वीस दिवसांनी बायकांच्या बाजूला भराव घालून झाला, फरशी बसली. त्या दुपारी मी मिरच्या उलथत होते. उरलेला चुना वर न्यायला तांड्यावरची एक बाई त्या फरशीवर उभी होती. डोक्यावर टोपली होती. माझी नजर टोपलीवरून मोरीकडं गेली आणि तिथंच राहिली. टोपलीचं बूड आणि मोरी अगदी एका रेषेत होती. बाई माझ्याहून बोटभर ठेंगणीच असेल. मी दोनदा, तीनदा बघितलं. म्हणजे कुंड भरलं की तिथं कमरेइतकं नाही, डोक्याएवढं पाणी येणार होतं. गवंड्यानं गाठीकडं न बघता सगळी दोरी धरली होती. माझ्या ते लगेच ध्यानात आलं, कारण आमच्यात कुठल्याही शुभकामाच्या दोरीला गाठ मारतातच. परगावच्या गवंड्याला ती शकुनाची गाठ वाटली असणार.

त्या बाईनं दोन महिने त्या कुंडातून गाळ वाहिला. पाणी भरल्यावर तिला आणि तिच्यासारख्यांना त्यात उतरू देणार का, हा प्रश्न माझ्या डोक्यात तेव्हा आला नाही. एवढी सगळं बघणारी मी, हे बघितलं नाही. लिहिताना त्याची लाज वाटते.

तेव्हा माझ्या डोक्यात एकच होतं. डोक्याएवढं पाणी! मी तोंड उघडलं तर गवंडी फरशी उचकटेल, आणखी मुरूम टाकेल आणि झालं. नाही उघडलं तर तीन वर्षांनी मला पोहायला मिळेल. मी खाली आले.

"आज कुठवर आलं?"

"फरशी बसली."

"बायकांच्या बाजूला पानी किती येईल?"

"कमरेइतकं, आत्याबाई."

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मग सुपाकडं. खोटं बोलून माझे कान तापले होते, पण मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. त्या दिवसापासून सगळं विचारून झालं की त्या शेवटी तोच प्रश्न विचारत, आणि मी तेच उत्तर देई. दुसऱ्यांदा खोटं बोलणं पहिल्यापेक्षा सोपं गेलं. पाचव्यांदा मात्र अवघड गेलं, कारण मधे एक गोष्ट घडली होती.

शेजारची काकू वाटीभर ताक मागायला आली होती. कुंडाचा विषय निघाला. काकू म्हणाली, जलपूजन झालं की पहिली बुडी कुण्या सुवासिनीनं मारायची? आत्याबाई म्हणाल्या, "मी उतरनार हाय." काकूनं त्यांच्या पायाकडं बघितलं. आत्याबाई पुढं म्हणाल्या, "कमरेइतकंच तर हाय म्हनतात."

इतकी वर्षं परसात दगडावर बसून अंघोळ करणारी ही बाई माझ्या शब्दावर त्या पाण्यात पाय टाकणार होती. रुंद पायरीवरून एक पाऊल पुढं गेलं की खाली काही लागणार नाही. एक पाय असा, पोहणं कुठून येणार? मी जवळ असेन, काढीन, असं मी स्वतःला समजावलं. पण काकूच्या नाती येतील, आळीतल्या पोरी येतील, किती जणींना काढणार? आणि काढलं तरी, आधी बुडवली कुणी? रोज ठरवायची, आज सांगते. रोज माळवदावरून ती मोकळी खोल बाजू बघायची आणि जीभ अडकायची. मला माझा राग येत होता, आणि त्याहून जास्त त्या पाण्याची हाव सुटली होती. दोन्ही खरं आहे.

वैशाख लागला. चुना वाळला, मधली भिंत उभी राहिली, बायकांच्या बाजूला वरून तट्ट्यांचा आडोसा झाला, आणि झऱ्यातलं गोणपाट काढलं. पाणी चढताना बघणं यासारखी दुसरी मौज नाही. बघत राहिलं तर काही होत नाही, जरा डाळ उलथून आलं की आणखी एक दगड बुडालेला असतो. दुसऱ्या दिवशी दगडी कासव दिसेनासं झालं. ते पुन्हा तळाशीच बसवलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी पाणी तिसऱ्या पायरीवर आलं, आणि संध्याकाळपर्यंत मोरी वाहायला लागणार हे दिसत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा.

मी जिना उतरले. आत्याबाई ओसरीवर बसल्या होत्या. हातात सूप नव्हतं. त्यांनी विचारायची मी वाट बघितली नाही.

"आत्याबाई, तिथं कमरेइतकं पानी न्हाई. डोक्याएवढं हाय. माज्या डोक्याएवढं. मला महिन्याभरापासून ठावं हाय. गवंड्यानं सारी दोरी धरली, मी पाह्यलं आन् गप ऱ्हायले."

"काहून?"

"मला पवायचं व्हतं."

एवढं बोलले आणि मला रडू कोसळलं. माहेरी धाडतील, मामंजींना सांगतील, दोन्ही चालेल, पण उद्या त्यांनी उतरू नये, असं काहीबाही मी बोलत होते. त्यांनी मला रडू दिलं. मग पदराखालून हात काढून मूठ उघडली. मुठीत काही नव्हतं. त्यांनी नुसती बोटं हलवून दाखवली, गाठ सोडावी तशी.

"गाठ मी सोडली," त्या म्हणाल्या. "खनात गुंडाळायच्या आधी. गवंड्याचा काई कसूर न्हाई."

जित्या माणसाचं अर्धं माप घेऊ नये हा रिवाज गावात कुठंच नव्हता. तो त्यांनी त्या दुपारी, माझ्यासमोर, उभ्या उभ्या केला होता.

"तुमी काहून सोडली?"

"कमरेइतक्या पान्यात पाय टेकावा लागतो, पोरी." त्यांनी वाकड्या गुडघ्यावर हात ठेवला. मी त्यांना तसा हात ठेवताना पहिल्यांदाच बघत होते. "खोल पान्यात कोनालाच पाय लागत न्हाई. तिथं मी आन् तू सारख्या."

बाकीच्यांचं काय, हे मी विचारायच्या आधीच माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाजेएवढी रुंद पायरी. मोरीखालची तिसरी. तिच्यावर पाणी बरोबर कमरेइतकं येत होतं, आणि तिच्या कडेला साखळी होती. ज्यांना उभं राहायचं त्यांनी साखळीच्या अलीकडं उभं राहावं, ज्यांना पुढं जायचं त्यांनी जावं. आळीतल्या झाडून सगळ्या बायकांना उद्या पूजेच्या आधी त्या स्वतः सांगणार होत्या, हे त्यांच्याकडून कळलं. सगळं मीच रोज बघून त्यांना सांगत होते, त्यातूनच त्यांनी हे आखलं होतं, आणि मला पत्ता नव्हता.

"पन तुमाला पवता येतं?" मी विचारलं.

"न्हाई. तुला येतं. तुज्या मायनं लग्नात माज्या कानात सांगितलं व्हतं, पोरगी पान्यात मासळी हाय, तेवढी तिला जपा. ते भोपळे काय बी धरायला वाळवले व्हय?"

दोन महिने मी ते भोपळे हातानं फिरवले होते. भोपळ्यावर पोहायला शिकलेल्या मला त्यात पोहणं दिसलं नाही. माझ्या चौकसपणाचा तोरा त्या दिवशी उतरला.

मग मला राहवलं नाही. मी विचारलं, की मग रोज पाणी किती म्हणून का विचारत होता, तुम्हाला तर ठाऊक होतं. त्या बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखा राहिला नव्हता.

"मला पान्याचं भ्या वाटतं. फार. पान्यानंच माजा पाय खाल्ला. जिच्या हातावर अंग टाकायचं तिनं मला खरी खोली सांगाया पायजे. तू न सांगती तर मी उद्या त्या रुंद पायरीवरूनच माघारी येनार व्हते. महिनाभर वाट पाह्यली तुजी."

मी त्यांचे पाय धरले, सरळ आणि वाकडा दोन्ही. एरवी वाकड्या पायाला कुणी हात लावला तर त्या झटकन मागं घेत. त्या दिवशी घेतला नाही.

सकाळी पूजा झाली. नारळ फुटला, पलीकडं पुरुषांच्या उड्यांचे धबाधब आवाज सुरू झाले. दुपारचे तीन तास त्या बाजूला कुणी माळवदावर चढायचं नाही असा आत्याबाईंचा हुकूम निघाला, आणि तो सगळ्यात जड मलाच गेला असता, पण मी खाली पाण्यात होते. बायका रुंद पायरीवर ओळीनं उभ्या होत्या, कमरेइतक्या पाण्यात, साखळीच्या अलीकडं. मी पुढं गेले आणि पाय उचलू दिले. तीन वर्षांनी. पाणी थंडगार होतं. मी आधी एकटीच पलीकडच्या भिंतीपर्यंत जाऊन आले, तेवढी माझी हाव आत्याबाईंनी चालवून घेतली.

मग त्यांच्या लुगड्याचा काष्टा घट्ट केला, पाठीवर दोन्ही भोपळे बांधले. दोन्ही हातांनी त्यांनी साखळी गच्च धरली होती. मी समोर पाण्यात, एक तळवा त्यांच्या पोटाखाली. काकू आणि बाकीच्या सगळ्या बघत होत्या.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "खाली किती हाय?"

"डोक्याएवढं, आत्याबाई."

त्यांनी साखळी सोडली.